काचबिंदूची पोटात घ्यायची गोळी (अ‍ॅसेटाझोलामाइड): कधी, किती आणि किती दिवस?

पांदणवाट
काचबिंदूच्या रुग्णाची औषधाची पिशवी उघडली की थेंबाच्या बाटल्यांसोबत बऱ्याचदा एक पांढरी गोळी निघते, २५० मिलिग्रॅमची. दुकानदार तिला डायमॉक्स म्हणतो, चिठ्ठीवर अ‍ॅसेटाझोलामाइड असतं आणि घरचे म्हणतात 'प्रेशरची गोळी'. घोळ इथूनच सुरू होतो, कारण खेड्यात प्रेशर म्हणजे बीपी. 'प्रेशरची गोळी चालूच आहे' म्हणून दोनातली एक बंद होते, आणि कोणती बंद झाली ते कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून हा धागा. थेंब कसे टाकायचे, लेझर, ऑपरेशन यांचे धागे आधीच आहेत, इथे फक्त पोटातून घ्यायचं औषध. ही गोळी डोळ्यात नेमकं काय करते, किती दिवस चालवायची, कोणाला द्यायची नाही आणि तालुक्याला डोळ्यांचा डॉक्टर नसताना रात्री डोळा फुटल्यासारखा दुखला तर काय, एवढं नीट लिहून ठेवू. कोणाच्या काकाजीला काय झालं ते इथे नको. मात्रा, वेळ आणि कारण लिहा.

गोनिओ
डोळ्यात बुबुळाच्या मागे सिलिअरी बॉडी नावाची एक कडी असते. ती मिनिटाला साधारण २ ते ३ मायक्रोलिटर पाणी तयार करते. ते बाहुलीतून पुढे येतं आणि बुबुळ व पारदर्शक पटल जिथे मिळतात त्या कोपऱ्यातल्या जाळीतून बाहेर जातं. बाहेर जाणं अडलं की दाब वाढतो. नेहमीचा दाब १० ते २१ मिमी पारा.

पाणी तयार व्हायला कार्बॉनिक अ‍ॅनहायड्रेज हे विकर (एन्झाइम) लागतं. ही गोळी तेच बंद पाडते. नळाचा मोरा तुंबलाय आणि आपण मोटर हळू केली, असं समजा. मोरा साफ झालेला नाही, हे मात्र डोक्यात पक्कं ठेवा, पुढची सगळी चर्चा त्यावरच येणार आहे. विकराचा जवळजवळ सगळा भाग बंद पडल्याशिवाय दाब उतरत नाही, म्हणून 'अर्धीच घेतो, बाधणार नाही' हा हिशेब इथे नेहमी जमत नाही. लघवी जास्त होते म्हणून डोळ्याचं पाणी उतरतं, हाही गैरसमज. लघवी वाढणं हा त्याच विकराचा मूत्रपिंडातला परिणाम आहे. लघवीची दुसरी कोणतीही गोळी घेऊन डोळ्याचा दाब असा उतरत नाही.

काचबिंदूत हे औषध बर्नार्ड बेकर यांनी १९५४ साली वापरून दाखवलं. म्हणजे सत्तर वर्षांचं जुनं औषध. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे.

मात्रा: साधी गोळी २५० मिग्रॅ, दिवसातून दोन ते चार वेळा. दिवसाला १००० मिग्रॅच्या वर गेल्याने दाब आणखी उतरत नाही, त्रास तेवढा वाढतो. साधी गोळी तासाभरात लागू पडायला लागते, २ ते ४ तासांत जोर धरते आणि साधारण ८ तास, काहींत १२ तासांपर्यंत टिकते. हळूहळू सुटणारी एसआर कॅप्सूल दोन तासांनी लागू पडते, पण १८ ते २४ तास टिकते. म्हणून ती दिवसातून एकदा किंवा दोनदा.

तुराटी
डॉक्टरसाहेब, हे समजलं. पन मंग लोक दोन-दोन वर्षं ही गोळी घेऊन राह्यले तं ते काऊन? थेंबाची बाटली महाग पडते, गोळी स्वस्त हाय, असं सांगतेत. दाब उतरला म्हंजे काम झालं ना बावा?

गोनिओ
नाही झालं. तुराटीभाऊ, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

काचबिंदूचे मोठे प्रकार दोन. एकात कोपरा उघडा असतो, जाळी आतून निकामी झालेली असते. दुसऱ्यात बुबुळ पुढे सरकून कोपराच झाकला जातो. दुसऱ्या प्रकारात लेझरने बुबुळाला बारीक छिद्र पाडून पाण्याला वाट देणं, किंवा मोतीबिंदू काढून जागा करणं, हा उपाय. अशा रुग्णाला महिनोनमहिने गोळीवर ठेवलं तर आकडा चांगला दिसतो, पण आत बुबुळ जाळीला हळूहळू चिकटत जातं. ते एकदा कायमचं चिकटलं की लेझरचाही उपयोग उरत नाही, सरळ मोठं ऑपरेशन. म्हणून कोपरा बंद असलेल्या जुनाट काचबिंदूत ही गोळी दीर्घकाळ देऊ नये, हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेला असतो.

कोपरा उघडा की बंद हे नुसता दाब मोजून कळत नाही. त्यासाठी डोळ्यावर आरशाचं भिंग ठेवून कोपरा पाहावा लागतो, त्याला गोनिओस्कोपी म्हणतात. पाच मिनिटांचं काम, दुखत नाही, आधी सुन्न करणारा थेंब टाकतात. रुग्णाच्या कागदांवर 'गोनिओ' असा शब्द कुठेच नसेल आणि गोळी तीन महिने चालू असेल, तर पुढच्या भेटीत हाच प्रश्न विचारायचा: डॉक्टरसाहेब, कोपरा पाहिला का?

उघड्या कोपऱ्याच्या प्रकारातही ही पहिली निवड नाही. थेंब आहेत, लेझर आहे, ट्रॅबेक्युलेक्टमी (पाण्याला बाहेर जायला नवी वाट करून देणारं ऑपरेशन) आहे. याच जातीचे थेंबही मिळतात, डॉर्झोलामाइड २ टक्के आणि ब्रिन्झोलामाइड १ टक्का. ते अंगभर न जाता डोळ्यातच बरंचसं काम करतात. हे थेंब चालू असताना वरून गोळीही चालू असेल तर फायदा फारसा वाढत नाही, हेही डॉक्टरला दाखवावं. गोळीचे योग्य दिवस म्हणजे ऑपरेशनची तारीख येईपर्यंत, अचानक चढलेला दाब उतरेपर्यंत किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे एक-दोन दिवस. ऑपरेशनला डोळ्यात भरलेलं जेल थोडं मागे राहिलं की दाब चढतो, त्यासाठी शिबिरातही ही देतात. ती संपली की संपली. 'ऑपरेशनची गोळी' म्हणून पुन्हा दुकानातून आणायची नाही.

काउंटर_आर्वी
औषधाच्या दुकानाच्या बाजूने लिहितो.

एक. डायमॉक्स आणि डायमायक्रॉन. पहिली डोळ्याची, दुसरी ग्लिक्लाझाइड, म्हणजे साखरेची. घाईच्या अक्षरात दोन्ही 'डायम' आणि पुढे एक रेघ. साखर नसलेल्या म्हाताऱ्याला ग्लिक्लाझाइड गेली तर घाम सुटून, बेशुद्ध पडून दवाखाना गाठावा लागतो. चिठ्ठी घेताना एवढंच विचारा: डोळ्याची की साखरेची? डॉक्टरांनी कंपनीच्या नावाऐवजी मूळ नाव लिहिलं तर हा धोकाच राहत नाही.

दोन. साधी गोळी आणि एसआर यांची अदलाबदल दुकानदाराने मनाने करायची नाही. एसआर कॅप्सूल चघळली किंवा फोडून पाण्यात ढवळली तर तिचा हळूहळू सुटण्याचा उपयोगच गेला. उलट, डोळ्याचा दाब अचानक चढलेला असताना एसआर देणं म्हणजे दोन तास वाया. तिथे साधीच हवी.

तीन. सोबत कोणती औषधं चालू आहेत ते विचारा. बीपीच्या बऱ्याच जोडगोळ्यांत क्लोर्थॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं. तेही पोटॅशियम उतरवतं, हीही उतरवते. पायाला गोळे येणं, हातपाय गळणं तिथून. हृदयाची डिगॉक्सिन चालू असेल तर पोटॅशियम उतरणं जास्त धोक्याचं, ठोके बिघडतात. मेटफॉर्मिनसोबत रक्तातलं आम्ल वाढण्याची शक्यता असते, मूत्रपिंड आधीच मंद असेल तर जास्तच. लिथियम आणि फिटची फेनिटॉइन यांचं रक्तातलं प्रमाण ही गोळी हलवते, लिथियम खाली आणि फेनिटॉइन वर. अ‍ॅस्पिरिन मोठ्या मात्रेत सोबत नकोच. गावात डोकेदुखी-अंगदुखीची पुडी म्हणून जे सुटं विकलं जातं त्यात ते असू शकतं. हृदयासाठीची ७५ मिग्रॅची अ‍ॅस्पिरिन मात्र कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका, ती चालू आहे एवढं डोळ्याच्या डॉक्टरला सांगा.

चार. सल्फाची अ‍ॅलर्जी. ही गोळी सल्फोनामाइड घराण्यातली आहे. सल्फाच्या अँटिबायोटिकने अंगावर पुरळ आलेल्या प्रत्येकाला हिनेही येईलच असं नाही, पण आधी कातडी सोलली होती, तोंड आलं होतं, ताप होता, असा इतिहास असेल तर धोका घेण्यात अर्थ नाही. काउंटरवर 'सल्फा' म्हटलेलं लोकांना कळत नाही. 'कोणत्या गोळीने अंगावर फोड आले होते का?' असं विचारलं की बरोबर उत्तर येतं.

पाकिटावर आम्ही मार्करने मोठा डोळा काढून देतो. शोभेसाठी नाही, पांदणवाटदादांनी वर लिहिलेल्या बीपीच्या घोळावर तेवढा एकच उपाय चालतो.

नेत्र_अधिकारी
आता अचानक चढलेल्या दाबाबद्दल. ग्रामीण रुग्णालयात असा रुग्ण बहुतेक वेळा डोळ्याचा म्हणून येतच नाही. अर्धं डोकं फुटतंय, तीन-चार उलट्या झाल्या, म्हणून येतो. पित्त समजून सलाइन लागतं. डोळा लाल, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी, नजर धूसर, पटल वाफाळलेल्या काचेसारखं आणि बाहुली अर्धवट मोठी होऊन गोठलेली, टॉर्च मारली तरी हलत नाही, हे दिसलं की ओळखायचं. दाब ५० ते ७० च्या घरात असू शकतो.

जुना शिऑट्झ टोनोमीटर (डोळ्यावर टेकवून दाब मोजायचं उपकरण) असेल तर लक्षात ठेवा, त्याचा काटा उलटा बोलतो. साडेपाच ग्रॅमच्या वजनावर ५ आकडा आला तर दाब साधारण १७, ३ आला तर २४, आणि काटा शून्यावर अडला तर ४० च्या वर. काटा ३ च्या खाली असेल तर साडेसातचं वजन चढवून पुन्हा मोजायचं. उपकरण नसेल तर डोळे मिटून पापणीवरून दोन्ही डोळे बोटांनी चाचपून बघा. एक मऊ आणि एक गोटीसारखा लागला तर अंदाज बांधता येतो, आकडा नाही. डोळ्याला मार लागलेला असेल तर मात्र चाचपायचं नाही.

वैद्यकीय अधिकाऱ्याने सल्फा, मूत्रपिंड, यकृत आणि सिकलसेल विचारून घेतल्यावर साध्या गोळ्या दोन, म्हणजे ५०० मिग्रॅ, एकदम. उलटी चालू असेल तर आधी उलटीचं इंजेक्शन, मग गोळी. गोळी पाच-दहा मिनिटांत उलटून पडली आणि उलटीत दिसली तर ती लागू पडली असं धरू नका, चिठ्ठीवर तसं लिहा. दाब उतरवणाऱ्या टिमोलॉल ०.५ टक्केचा एक थेंब, पण दम्याचा रुग्ण किंवा नाडी मंद असेल तर नाही. बाहुली बारीक करणारं पायलोकार्पिन २ टक्के लगेच ओतत बसायचं नाही. दाब ४०-५० च्या वर असताना बुबुळाच्या स्नायूला रक्तच पोचत नसतं, तो थेंब काही करत नाही. दाब उतरायला लागल्यावर त्याचा उपयोग.

रुग्णाला उताणं झोपवून न्या, डोळ्यातलं भिंग थोडं मागे सरकतं. डोळ्याला पट्टी बांधू नका आणि अंधारात ठेवू नका. अंधारात बाहुली मोठी होते आणि कोपरा आणखी दाबला जातो. लोक हमखास ओला रुमाल घट्ट बांधून आणतात, तो आधी सोडा.

धारणीहून अमरावतीला घाट उतरायचा असो की सिरोंच्याहून पुढे निघायचं असो, रस्त्यात जाणारा वेळ हा गोळीचा जोर धरण्याचा वेळ असतो. म्हणून निघण्याआधी द्यायची, पोचल्यावर नाही. सोबतच्या चिठ्ठीवर पाच गोष्टी: कोणता डोळा, दाब किती आणि कशाने मोजला, काय दिलं, किती वाजता दिलं, बीपी आणि साखर किती. वेळ लिहिली नसेल तर पुढचा डॉक्टर पुन्हा ५०० देण्याची शक्यता असते.

आणि दाब उतरला, दुखणं थांबलं, म्हणून वाटेतून गाडी परत वळवायची नाही. लेझर बाकी आहे. दोन्ही डोळ्यांचं. दुसरा डोळा आज शांत असला तरी त्याचा कोपराही तसाच अरुंद असतो, उपचार नाही केला तर पुढच्या पाच-दहा वर्षांत त्याचीही तीच गत होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते.

पांदणवाट
यात एक भर. असा झटका कशाने येऊ शकतो तेही पाहा. सर्दीच्या गोळ्या, पोटदुखीची डायसायक्लोमिन, झोपेसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, ही सगळी अरुंद कोपऱ्याच्या डोळ्यात बाहुली मोठी करून कोपरा बंद करू शकतात. आणि धोतरा. सोयाबीनमधला धोतरा उपटून त्याच हाताने डोळा चोळला तर बाहुली फाकते, त्यात अ‍ॅट्रोपिनच असतं.

तुराटी
हे धोतऱ्याचं बेस सांगितलं, निंदनाऱ्या बायांना सांगतो. आता ग्लिसरीनचं सांगा. जुने डॉक्टर लिंबू पिळून ग्लिसरीन पाजत होते म्हनतेत. गोळी नसली तं घरी पाजलं तं चालते का?

गोनिओ
घरी नाही. पण औषध खरं आहे आणि ते गोळीपेक्षा वेगळ्या रस्त्याने काम करतं, म्हणून सांगतो.

ग्लिसरॉल रक्त घट्ट करतं, आणि घट्ट रक्त डोळ्यातलं पाणी ओढून घेतं. पाणी बनणं कमी होत नाही, आहे ते खेचलं जातं. म्हणून वेग जास्त: १० ते ३० मिनिटांत सुरुवात, तास-दीड तासात जोर, ४ ते ५ तासांत संपलं. मात्रा वजनाच्या किलोमागे १ ते १.५ ग्रॅम, ५० टक्के द्रावणात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम, तयार द्रावण १०० मिली.

इथे एक चूक होते. ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड असतं, १ मिली म्हणजे १.२६ ग्रॅम. अर्धं ग्लिसरीन अर्धं पाणी असं मापाने केलं की १०० मिलीत ५० नाही, ६३ ग्रॅम जातात. बरोबर मिश्रण म्हणजे ४० मिली ग्लिसरीन घेऊन लिंबाच्या रसासकट थंड पाण्याने १०० मिली करायचं. थंड आणि घोट घोट, कारण फार गोड असतं आणि उलटी आणतं. ग्लिसरीन औषधी दर्जाचं, तोंडाला लावायच्या बाटलीतलं नाही.

पाजल्यावर दोन-तीन तास पाणी जेवढ्यास तेवढंच. तहान लागणारच, डोकंही दुखेल, पण तांब्याभर पाणी प्यायलं की घट्ट झालेलं रक्त पातळ झालं आणि सगळी मेहनत वाया. बाकी वेळी अ‍ॅसेटाझोलामाइडवर पाणी भरपूर प्या म्हणतो आणि इथे पिऊ नका म्हणतो, यात विरोध नाही. औषधं वेगळी आहेत.

साखरेच्या रुग्णाला ग्लिसरॉल नको, ५० ग्रॅममधून दोनशेच्या वर कॅलरी जातात आणि साखर चढते. हृदय कमजोर, पाय सुजलेले, मूत्रपिंड मंद, त्यांनाही नको. म्हणूनच दवाखान्यात आता बहुतेक वेळा शिरेतून मॅनिटॉल २० टक्के देतात, किलोमागे १ ते २ ग्रॅम, अर्ध्या ते एका तासात. ५० किलोला १ ग्रॅमच्या हिशेबाने २५० मिली. थंडीत बाटलीत खडे धरतात, ती कोमट करून खडे विरघळल्याशिवाय लावायची नाही. आणि कमजोर हृदयाच्या रुग्णाला मॅनिटॉलही झेपत नाही.

सालई
सिकलसेलचा उल्लेख वर ओझरता झाला. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात तो ओझरता चालणार नाही.

प्रसंग ठरलेला असतो. पऱ्हाटीचं टोक, बैलाचं शिंग, पोरांचा विटीदांडू. डोळ्याला मार लागतो, बुबुळासमोर रक्ताची पातळी साचते आणि दाब चढतो. सवयीने हात डायमॉक्सकडे जातो. सिकलसेलचा रुग्ण असो की नुसता वाहक, दोघांतही हे उलट पडू शकतं. ही गोळी रक्तातलं आम्ल वाढवते, आणि आम्ल वाढलं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. वाकलेल्या पेशी जाळीतून निघत नाहीत, मोरा आणखी तुंबतो. मॅनिटॉल-ग्लिसरॉलने रक्त घट्ट होतं, त्यानेही हाच धोका.

वाहकाला एरवी काही त्रास नसतो, त्यामुळे त्याला स्वतःलाच माहीत नसतं. म्हणून मार लागलेल्या डोळ्यात रक्त दिसलं की आधी सिकलसेलचं कार्ड विचारायचं, नसेल तर बोटातून रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, वेळ लागत नाही. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, गावोगाव तपासण्या झाल्या आहेत, पुष्कळांकडे कार्ड निघेल. सकारात्मक आली तर डोळ्यांच्या डॉक्टरला फोन करूनच पुढे. अशा डोळ्यात २४ च्या वरचा दाब दिवसभर राहिला तरी डोळ्याची नस दुखावू शकते, इतरांसारखी चार दिवस वाट पाहता येत नाही.

मेथाझोलामाइड नावाची बहीण-गोळी आहे, रक्तातलं आम्ल कमी वाढवते, पण आपल्याकडे तालुक्याच्या दुकानात सहज दिसत नाही.

काउंटर_आर्वी
सालईताई, हे आमच्या दुकानातल्या फळ्यावर लिहून लावतो.

आता गोळी चालू असताना काय होतं ते लिहितो, कारण लोक पहिल्या दोन दिवसांतच घाबरून सोडतात. बोटांच्या टोकांना, तळपायाला, ओठांभोवती मुंग्या येतात. हा लकवा नाही. गोळी घेणाऱ्या बहुतेकांना होतं, आणि खरं सांगायचं तर मुंग्या अजिबात नसतील तर रुग्ण गोळी घेतो का हे आधी विचारावं. तोंडाला लोखंडी चव येते. सोडा, कोल्ड्रिंक बेचव लागतं, कारण जिभेला गॅसची चव लागायलाही तेच विकर लागतं. लग्नसराईत 'सोडा खराब आहे' म्हणून भांडण करण्याआधी पिशवीतली गोळी आठवा. लघवी वाढते, म्हणून रात्रीची मात्रा निजताना न देता शक्य असेल तर थोडी आधी. म्हातारं माणूस अंधारात अंगणात जाताना पडतं. पोट बिघडत असेल तर जेवणानंतर घ्यावी. गुंगी येत असेल तर ट्रॅक्टर, थ्रेशर, विहिरीची मोटर यांपासून लांब.

आठवडे चालली तर हळू येणारा त्रास वेगळा: भूक मरते, वजन उतरतं, माणूस उदास होऊन खाटेवर पडून राहतो. घरचे म्हणतात वय झालं. वय नाही, रक्तातलं आम्ल वाढलंय. हे डॉक्टरला सांगायचं.

थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात जायची लक्षणं: अंगावर पुरळ किंवा फोड, तोंडात चट्टे, घसा दुखून ताप, कातडीखाली रक्ताचे ठिपके, कुशीत कळ येऊन लघवीत रक्त, खोल-भराभर श्वास, बरळणं. आणि एक विचित्र: अचानक लांबचं धूसर दिसायला लागणं. क्वचित ही गोळीच डोळ्यात आतून सूज आणून कोपरा बंद करते. फिट आणि अर्धशिशीच्या टोपिरामेटनेही तसं होतं. तिथे औषध बंद करणं हाच उपाय.

नेत्र_अधिकारी
मुतखड्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. ही गोळी लघवी अल्कधर्मी करते आणि लघवीतलं सायट्रेट कमी करते, त्यामुळे कॅल्शियम फॉस्फेटचे खडे धरतात. त्यात आपला मे महिना. पारा ४५ च्या वर, माणूस धुऱ्यावर, घामावाटे पाणी चाललंय आणि ही गोळी लघवीवाटेही काढतेय. हृदय आणि मूत्रपिंड ठीक असतील तर दिवसाला अडीच ते तीन लिटर, म्हणजे लिटरच्या बाटल्या अडीच-तीन मोजून संपवायच्या. लघवी गर्द पिवळी दिसली की पाणी कमी पडलं. लिंबूपाणी, संत्री चांगली, त्यात सायट्रेटही आहे आणि पोटॅशियमही. साखर असेल तर संत्र्याचा रस नको, फोडी खा.

आणि खायचा सोडा, इनोच्या पुड्या बंद. गोळीने जळजळलं की लोक वर सोडा घेतात. सोडियम बायकार्बोनेट सोबत गेलं की खड्याची शक्यता वाढते. उन्हाळ्यात हगवण-उलटी लागली किंवा ऊन लागलं तर त्या दिवशी पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरला फोन करायचा. कोरडं पडलेलं मूत्रपिंड ही गोळी बाहेर टाकू शकत नाही.

पांदणवाट
केळी आणि शहाळ्याचं पाणी सगळ्यांनाच सांगू का, पोटॅशियमसाठी?

गोनिओ
सगळ्यांना नको. मूत्रपिंड मंद असलेल्याला, किंवा बीपीची रॅमिप्रिल-टेल्मिसार्टन घराण्यातली गोळी चालू असलेल्याला पोटॅशियम उलट वर चढू शकतं. आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त गोळी चालणार असेल तर आधी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम पाहून घ्यायचं, मग काही आठवड्यांनी पुन्हा. हे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात होतं. डायलिसिसच्या रुग्णाला ही गोळी म्हणजे विषच, तो बरळायला लागतो. मूत्रपिंड जास्त बिघडलेल्यालाही नको. दारूने यकृत आकसलेल्याला नको, अमोनिया चढून बेशुद्धी येते. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, टाळायची.

सालई
जन्मजात काचबिंदूच्या बाळांना पण देतात ना? मोठे निळसर डोळे, उजेड सहन न होणारं बाळ?

नेत्र_अधिकारी
देतात, पण फक्त ऑपरेशनपर्यंत. त्या बाळाचा खरा उपाय ऑपरेशनच आणि तेही लवकर. 'डोळे किती मोठे, सुंदर आहेत' म्हणून सहा महिने काढले की नस गेली. मात्रा साधारण किलोमागे दिवसाला १० ते १५ मिग्रॅ, तीन-चार भागांत. ६ किलोचं बाळ १० च्या हिशेबाने दिवसाला ६० मिग्रॅ, म्हणजे एका वेळी १५ ते २०. २५० च्या गोळीचे चाकूने तुकडे करून एवढं मोजता येत नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिलिलिटरमागे २५ मिग्रॅचं पातळ औषध करून घ्यायचं, बाटली हलवून सिरिंजने मोजायचं. मधातून नको, वर्षाच्या आतल्या बाळाला मध देतच नाहीत. बाळ दूध कमी प्यायला लागलं किंवा धापा टाकायला लागलं तर लगेच परत आणायचं.

अडकित्ता
त्रिफळा, गोमूत्र अर्क, डोळ्यात मध, यावरही लिहा की. आमच्याकडे बरेच लोक घेतात.

पांदणवाट
त्याचा वेगळा धागा काढा, इथे फाटे नकोत. एवढंच, की डोळ्यात मध-अर्क घालून दाब उतरत नाही आणि पटलाला जखम मात्र होते.

तुराटी
शेवटचं दोन इचारतो. एक वेळची गोळी राहून गेली तं दुसऱ्या वेळी दोन घ्याच्या का? अन् टिनाच्या घरात गोळी ठेवाची कुठं, उन्हाळ्यात कपाट तापून राह्यते.

काउंटर_आर्वी
दोन नाही. आठवली तेव्हा घ्या, पण पुढच्या वेळेला दोन-तीन तासच उरले असतील तर राहिलेली सोडून द्या. दोन्ही मिळून कधीच नाही.

ठेवायची पाकिटातच, सुट्या काढून डबीत नाही. टिनाखालची फळी आणि मोटारसायकलची डिक्की सोडून घरातली सगळ्यात थंड कोरडी जागा, बहुतेक घरांत ती मातीच्या भिंतीतला कोनाडा असते. माठाला खेटून नको, ओल लागते. थेंबाच्या बाटलीवर 'फ्रिज' छापलं असेल तर ती वेगळी गोष्ट, गोळीला फ्रिज लागत नाही.